बर्फाच्या ओरखड्यांनी दाखवलेली वाट

मंडळी, ऐका! एक विचारतो — मोठ्या माणसानं लहानाचं ऐकलं, तर त्याचा मोठेपणा घटतो का हो? माना हलवू नका, आधी ऐका!

चिपळूणच्या सुभद्राबाई. करारी बाई! सून केतकी भूगर्भशास्त्र शिकलेली. बाई शेजारणीला सांगायच्या, "आमची सून दगड शिकलीय! दगडात कसलं आलंय शिक्षण?" — अहो, हसता काय? तुमच्याकडे निराळं आहे का?

दोघी गोमुखाला गेल्या. हिमनदीच्या पोटातून गंगा बाहेर पडते, ती जागा! दर्शन झालं. परतताना बाईंचा गुडघा धरला, सोबतची माणसं पुढं गेली — आणि धुकं उतरलं! हातापलीकडचं दिसेना. जिकडे तिकडे दगडांचे ढिगारे, पाण्याचा आवाज चारी बाजूंनी!

"इकडूनच आलो आपण," बाई म्हणाल्या.

"आई, थांबा जरा!"

"मला शिकवू नकोस!" — आणि निघाल्या की! पायाखालची खडी सरकली, खाली ही भेग! केतकीनं दंड धरून मागं ओढलं. बाई मटकन बसल्या. "आता कसं गं व्हायचं?"

केतकी एका खडकावर तळवा फिरवत होती. "आई, हात द्या इकडे. ओरखडे लागतात? पूर्वी इथं डोंगराएवढा बर्फ होता. अगदी हळूहळू खाली सरकायचा. त्याच्या बुडाशी अडकलेले दगड खडकाला घासत गेले, कानशीसारखे. या रेघा म्हणजे बर्फाची वाट."

"पण त्यात वर कुठलं नि खाली कुठलं?"

प्रश्न बघा मंडळी! बाई हुशार!

"ही बाजू गुळगुळीत — इथून बर्फ खडकावर चढला. ती खडबडीत — तिथं फटींत पाणी शिरून गोठलं, खडक फुटला आणि बर्फानं त्याचे तुकडे उपटून नेले. आपण खडबडीत बाजूकडे चालायचं. ही एवढी रुंद दरी बर्फानंच कोरलीय, आई. तिच्यातूनच उतरू."

निघाल्या! खडकामागून खडक चाचपत. थंडीनं दात वाजताहेत, आणि सुभद्राबाईच पुढं! "केतकी, ये, इथंही रेघा आहेत!" अखेर सोबतच्यांच्या हाका ऐकू आल्या!

तंबूत चहा पिताना बाई म्हणाल्या, "तू काय शिकलीस, मी कधी विचारलंच नाही गं." केतकीचे डोळे भरले. बाई तिच्याजवळ सरकल्या. "आता सांग. पहिल्यापासून सांग."

सांगा, बाईंचा मोठेपणा घटला? अहो, दुणावला! आज घरी गेलात की सुनेला, लेकीला विचारा — तुला काय येतं गं? आणि तिचं सांगून होईपर्यंत गप्प बसा! अवघड आहे, मला ठाऊक आहे. पण जमेल, माऊली — जमेल!