पहिल्या कापडाचा मान

आदरणीय अध्यक्ष बाळाचार्य जोशी गुरुजी, प्रमुख पाहुणे साहाय्यक पोलीस आयुक्त हिरेमठ साहेब, व्यासपीठावरील कापड व्यापारी मंडळाचे पदाधिकारी, आजचे सत्कारमूर्ती आणि नुकतेच निवृत्त झालेले साहाय्यक उपनिरीक्षक गणपतराव निंबाळकर, त्यांच्या सौभाग्यवती शकुंतलाअक्का, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

गेल्या मंगळवारी सकाळी मी देवपूजा आटोपली, दुर्गदबैल बाजारातलं दुकान वत्सलामामींच्या हवाली केलं आणि बसने नवनगरला गेलो. मंडळानं मला सांगितलं होतं, “बाळकृष्णा, गणपतरावांवर बोलायचं, पण थोडं पोलीस दलावरही बोल.” मी खेड्यातल्या शाळेत शिकलेला माणूस. मामांच्या दुकानात आलो तो गजकाठीच हातात घेतली. पोलीस दलाबद्दल मला काय ठाऊक असणार? म्हटलं, हुबळी आणि धारवाड या दोन गावांच्या मधोमध आयुक्तांची कचेरी आहे, तिथेच जाऊन विचारावं.

फाटकावर एक हवालदार होते. मी हेतू सांगितला, तर म्हणाले, “भाषणाला पाहिजे होय? मग बसा. तक्रार असती तर उभं केलं असतं.”

त्यांनी मला सगळी उतरंड सांगितली. वर आयुक्त. त्यांच्या हाताखाली उपायुक्त, मग साहाय्यक आयुक्त, मग ठाण्याठाण्याचे निरीक्षक, उपनिरीक्षक, साहाय्यक उपनिरीक्षक, हवालदार आणि शिपाई. वाहतूक वेगळी, गुन्ह्यांचा तपास वेगळा, महिलांचं ठाणं वेगळं. दंगा झाला तर धावून जाणारं सशस्त्र दल वेगळं. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, देवळाच्या शिखरापासून पायरीपर्यंत जशी दगडाला दगडाची जागा, तशीच ही रचना.

शेवटी मी विचारलं, “अण्णा, बेवारस मृतदेहांचं खातं कोणतं?”

ते हसले. “त्याला खातं कुठलं? ज्या ठाण्याच्या हद्दीत सापडला, त्या ठाण्याचा. आणि ठाण्यात ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचा.”

मंडळी, आमच्या ठाण्यात ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं, ते गणपतराव.

त्यांच्या घरात ही नोकरी वडिलांपासूनची. वडील धारवाडला शिपाई होते, मुंबई राज्याच्या नोकरीत. एकोणीसशे छप्पनच्या नोव्हेंबरात राज्यांची फेररचना झाली. माणूस जागचा हलला नाही, पण राज्य मुंबईचं म्हैसूर झालं. पुण्या-मुंबईकडून येणारे हुकूम बेंगळूरहून येऊ लागले. वडील घरी सांगायचे, “गस्त तीच, गल्ली तीच, भुरटे चोर तर नावासकट तेच. टोपी तेवढी बदलली.” पुढे दोन्ही गावांची मिळून एक महापालिका झाली, म्हैसूरचं कर्नाटक झालं, आणखी पुढे जिल्ह्याच्या अधीक्षकांकडचा शहराचा कारभार आयुक्तालयाकडे आला. पाट्या बदलल्या, पदांची नावं बदलली. पण अनोळखी माणूस रस्त्यात मरून पडला तर त्याच्यापाशी पहिल्यांदा कोण जाऊन बसतं? तेव्हाही खाकीतला माणूस, आजही खाकीतला माणूस. यात एवढ्या वर्षांत फरक पडलेला नाही. याबद्दल हिरेमठ साहेब, आपल्या दलाला माझा नमस्कार.

हे काम कसं चालतं, ते मला गणपतरावांमुळे कळलं. मृतदेह सापडला की फोटो काढायचा, आसपासच्या ठाण्यांना कळवायचं, वर्तमानपत्रात द्यायचं, नातेवाइकांची वाट पाहायची. कुणीच आलं नाही तर अंत्यविधी ठाण्यानंच करायचा. गणपतराव आणखी एक करत. बसस्टँड, रेल्वेस्टेशन, देवळं, दर्गे, सगळीकडे तो फोटो घेऊन हिंडत. गळ्यात इष्टलिंग होतं का, जानवं होतं का, दंडावर ताईत होता का, हे बघत. म्हणजे ज्याचं त्याच्या रीतीनं व्हावं. काहीच समजलं नाही तर मातीत ठेवत. म्हणत, “उद्या कुणी शोधत आलं तर जागा दाखवता आली पाहिजे.”

आणि त्यासाठी लागणारं मादरपाट, म्हणजे कोरं पांढरं कापड, ते आमच्या दुकानातून नेत.

आता इथे बसलेल्या कापडवाल्यांना मी काय सांगू? आपल्या बाजारात भवानीला, दिवसाच्या पहिल्या विक्रीला, केवढा मान! आमच्या वसंतमामांचा कडक नेम होता: दिवसाची पहिली कात्री मंगल कापडालाच लागली पाहिजे. मयताचं कापड भवानीच्या आधी कापायचं नाही, मग मागणारा कुणी का असेना. मामा गेले, नेम राहिला. मामींनी तो सांभाळला आणि मीही सांभाळला.

गणपतरावांचं काम मात्र सकाळचं. दवाखान्यातून मृतदेह सकाळी ताब्यात मिळायचा, गाडी खोळंबलेली असायची. मी उदबत्ती लावून गादीवर बसतो न बसतो, तोच समोरून हाक यायची, “बाळण्णा, बोणी आतेन्री?” भवानी झाली का? नसली तर ते पायरी चढत नसत. समोर पानपट्टीपाशी उभे राहत. माझा शेजारी टोमणा मारायचा, “आज काय, पोलीस बंदोबस्तात दुकान उघडलंय काय?”

पुढे पुढे ते एक युक्ती करू लागले. येत आणि म्हणत, “आधी एक खण द्या. इरकलीवर जाईलसा.” मी खण द्यायचो, तो देवापुढे टेकवायचो, भवानी व्हायची. मग म्हणत, “आता मादरपाट.” मला वाटायचं, बायकोचं कौतुक असलेला गृहस्थ आहे!

असं कितीतरी वर्षं चाललं. गेल्या श्रावणात एक बाई दुकानात आल्या. हातात पिशवी, पिशवीत खणच खण. मी म्हटलं, “अक्का, बदलून पाहिजेत का?”

“बदलून नको,” त्या म्हणाल्या, “बंद करून पाहिजेत. ह्यांना खण विकू नका हो अण्णा! पेटी भरली. पोलीस लायनीतल्या एकूणएक बायकांच्या ओट्या मी भरल्या. आता मला बघितलं की त्या पदर पसरूनच येतात. आधी मला वेगळाच संशय आला होता. म्हटलं, हा माणूस खण घेतो कुणासाठी? खोदून खोदून विचारलं तेव्हा खरं बोलले.”

त्या शकुंतलाअक्का. हसू नका मंडळी, त्या समोरच बसल्या आहेत. (अक्का, आपली परवानगी घेऊनच सांगतोय.)

त्या गेल्या आणि मी कात्री हातात धरून बसून राहिलो. आमचा नेम मोडू नये म्हणून हा माणूस मुकाट्यानं खण घेत होता, आणि तिकडे ज्याला या जगात वाट बघणारं कुणी नाही, असा एक जीव आमच्या भवानीसाठी ताटकळत होता. देवाला हे आवडत असेल का?

मी त्याच दिवशी मामींना विचारलं, बेवारसांपुरता हा नेम सोडायचा का? त्या म्हणाल्या, “मामांनी उपाशी राहून हे दुकान उभं केलं, ते या नेमावर. तू शहाणा झालास, पण मी आहे तोवर नाही.” मग गणपतरावांना म्हटलं, “आता खण घेऊ नका.” ते म्हणाले, “दुकानाचा नेम आहे, मोडू नका. माझं जमतंय.” आणि दुसऱ्या खेपेपासून ते रुमाल घेऊ लागले! शकुंतलाअक्कांची पेटी तेवढी सुटली.

निवृत्तीच्या आधी काही दिवस ते यल्लप्पा हवालदारांना घेऊन आले. पोलीस दलात एकाचं काम दुसऱ्याकडे सोपवतात, तेव्हा बारीकसारीक सगळं सांगतात. ती शिस्त त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिली. दवाखान्यात कुणाला भेटायचं, खड्डा खणणारे कुठे सापडतात, फुलं कुठली घ्यायची. आणि मग माझ्या पायरीशी उभं राहून गणपतरावांनी कन्नडमध्ये सांगितलं, “मोदल ओंद् वस्त्र तगो, आम्याल बिळी अरबी केळ.” आधी एक रुमाल घे, मग पांढरं कापड माग. या दुकानाची तशी रीत आहे.

यल्लप्पांनी मान हलवली.

माझ्या मामांचा नेम आता सरकारी कामाचा भाग झाला होता. एक पोलीस तो दुसऱ्याला शिकवत होता, दुसरा तिसऱ्याला शिकवणार होता. गणपतराव तर सेवा संपवून घरी जाणार. मग हा रुमाल कुठवर चालणार?

काल सकाळी यल्लप्पा आले. सवयीनं समोरच थांबले. मी त्यांना आत बोलावलं. त्यांनी रुमाल मागितला. मी म्हटलं, “रुमाल नको. गेलेला कोण होता?” ते म्हणाले, “म्हातारा होता. मार्केटात पडला. नाव समजलं नाही.” मी मादरपाटाचं ठाण उतरवलं, देवापुढे टेकवलं आणि कात्री लावली. मामी आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं आणि त्या घरी निघून गेल्या.

मंडळी, वेळ पुष्कळ घेतला. गणपतराव आणि शकुंतलाअक्का, आपल्याला ईश्वर उदंड आरोग्य देवो. गुरुजी, साहेब, आपण सर्वांनी एका दुकानदाराचं बोलणं शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. दलाबद्दल माहिती देताना एखादं पद खालीवर झालं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहून गेलं असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या.

आणि एक क्षमा वेगळी मागायची आहे. वत्सलामामी कालपासून माझ्याशी बोललेल्या नाहीत. तरी आज त्या आल्या, तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. मामी, तुमचं मन दुखावलं, त्याबद्दल इथून हात जोडतो. पण जे केलं ते परत फिरवणार नाही. आज सकाळी मी यल्लप्पांना ठाण्यावर निरोप धाडला आहे: जेव्हा लागेल तेव्हा या, सरळ आत या, पहिली कात्री तुमच्याच कापडाला लागेल.