दुसरी कॉइल

हॅलो?… हो, क्लिफर्डच बोलतोय. या घरात दुसरं कोण असणार?… नोरीन, बरं झालं गं लगेच फोन केलास. तुझ्या मशीनवर निरोप ठेवताना माझी जीभच वळत नव्हती. ठेवला आणि वाटलं, उगाच ठेवला…

नाही, नाही ओढली. अजून नाही. पाकीट शब्दकोशाच्या मागेच आहे… अगं, एक ठेवलं होतं तसंच. आपल्या सिगारेट सोडणाऱ्यांच्या गटात कुणाला बोललो नाही. तुलाच सांगतोय.

सकाळी शेवटची कॉइल जळाली. सिगारेटऐवजी ओढतो त्या माझ्या जुन्या वेपच्या तयार कॉइल बनवणंच बंद झालंय म्हणे… हो, म्हणून तर परवा बाजारातल्या दुकानातल्या पोरीनं ही नवी टाकी गळ्यात मारली. "आजोबा, यात तार आपणच गुंडाळायची, कापूस आपणच भरायचा. सोप्पं आहे." मी मान डोलावली. एक अक्षर कळलं नव्हतं… विचारणार कसं? मागे माणसं उभी होती ना!

आणि आज रविवार. दुकान बंद. दुपारपासून घरात मी आणि ते पाकीट, दोघंच…

आत्ता? फोनवरून? अगं, मला नाही जमायचं… बरं. बरं, ओरडू नकोस. बसतो.

हो, स्वयंपाकघरातच. उजेड आहे. चष्मे दोन्ही आहेत… फोन टेबलावर ठेवू? थांब, ते स्पीकरचं बटन… हां. येतोय आवाज?

तार घेतली. स्क्रू ड्रायव्हरच्या दांडीवर गुंडाळायची… वेढे एकमेकांना चिकटून… अगं, ही स्प्रिंगसारखी उडतेय!… हस. हस तू. जन्मभर शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना पुठ्ठे चढवले मी. एकही पुस्तक असं हातातून उडालं नाही.

झाली… थोडी वाकडी आहे… दोन? दोन कशाला?… एक बिघडली तर असावी म्हणून. फारच भरवसा आहे तुझा माझ्यावर… नाही गं, रागावलो नाही. माझा तरी कुठे आहे?

तूच ये ना पाच मिनिटं. कालव्यापलीकडे तर राहतेस. गटात बाकी सगळ्यांना पहिली कॉइल तूच करून दिली होतीस. तोंडानं गप्पा, हातानं काम, खाली बघायचीही नाहीस… हॅलो?… बरं, बरं. नाही येत तर नाही. विचारत नाही.

दुसरीही झाली. अगं, ही सरळ आलीय! खरंच सरळ!… ती बाजूला ठेवू? का?… बरं, पहिलीच बसवतो.

तारेचा एक पाय या भोकात… आवळला. दुसरा त्या भोकात… आवळला. वरची टोपी… बसली. बटन… नोरीन, "शॉर्ट" असं आलंय पडद्यावर. बघ! म्हणालो होतो ना? माझ्या हातात मुळातच… काय? उरलेली टोकं कापायची होती? सांगितलं होतंस?… हो, सांगितलं होतंस. मी "हो हो" म्हणालो होतो. मला वाटलं, पुढे लागतील.

कापली. मुळापासून… आता आकडा आला. अर्ध्या ओहमच्या जवळपास… चांगलं आहे? खरंच?

आता टोपी काढून, हळूच, थोडंसंच बटन… तार लाल होतेय! पण एकाच कडेला… चिनी मातीच्या पांढऱ्या टोकाच्या चिमट्यानं हलकेच खाजवायची… हां… हां… आता मधून पेटतेय. मधून दोन्हीकडे. अगं, किती सुंदर दिसतं हे! मला कुणी सांगितलंच नाही.

गार होऊ दिली. कापूस घातला… चांगला घट्ट भरलाय, जागा रिकामी नको म्हणून… सैल हवा? मग लिक्विड वर चढत नाही आणि घशात जळका ठसका बसतो? अरे देवा. मी कपाटात पुस्तकं कोंबतात तसा कोंबला होता… काढतो. पातळ करतो… आता सरकतोय, जरासा अडत… तसाच ना?

टोकं कापून खाली दाबली. दोन थेंब वर. टाकी लावली, भरली… आता थांबायचं? किती?… चहा निवेपर्यंत. बरं. थांबतो.

…

बाहेर बदकं भांडताहेत. मादीचा आवाज चढलाय.

…

नोरीन? तो आवाज कसला?… गॅस? तुझी शेगडी तर विजेवर चालते… लायटर होता तो. अगं, तो मी ओळखणार नाही?

…

सिगारेट पेटवलीस ना?

कधीपासून?… नाताळाच्या आधीपासून. आणि दर गुरुवारी गटात आम्हाला धीर देत होतीस… हसत नाहीये गं. मी कुणाला हसणार? माझ्या शब्दकोशामागे काय आहे, तुला ठाऊक आहे.

बोटं?… हो. पाहिलं होतं मी. कप दोन्ही हातांनी धरायचीस. मला वाटलं, थंडीनं असेल… नाही, खोटं कशाला बोलू? थंडीचं नाही हे कळलं होतं. विचारायचं धाडस झालं नाही. तार धरवत नाही, स्क्रू आवळत नाही… आणि ज्यांना स्वतः शिकवलं, त्यांच्यापुढे ते हात कसे न्यायचे… कळतं. मला ते फार चांगलं कळतं.

म्हणून दोन?… नोरीन, म्हणून दोन करायला लावल्यास ना?…

वाटलंच मला.

ऐक. ऐक ना. ती आधी विझव… थांबतो मी… विझली? बरं. आता माझी ओढून बघतो. तुला देण्याआधी खात्री नको का…

…

अगं नोरीन. जळकं काहीच नाही. गोड आहे. आणि वाफ इतकी की मांजर उठून गेलं!

मी येतो तिकडे. हो, मी. माझ्या पायांनी… नको म्हणालीस तर दारातूनच देऊन… नाही? बसू? बरं, बसतो मग. तुझी टाकी काढून ठेव. उघडत नसेल तर राहू दे, मी उघडतो. पार्किन केकचा तुकडा आणतो, जरा कडक झालाय, चहात बुडव… पाकीट? ते बाहेर कचऱ्याच्या डब्यात टाकूनच निघतो. तुझ्याकडे कशाला आणू? वेडी आहेस का?

एक मात्र कर. शेजारी बसून ओरडत राहा. तू ओरडलीस की माझी तार सरळ येते.

आणि सरळ झालेली तुझी. वाकडी माझ्या टाकीत बसलीय, तिला तिथेच राहू दे… नाही, वाद नको. कोट घालतोय. ठेवतो.