तळघरातलं टेबल

नाही नाही, तसा नाही सुटायचा तो बोल्ट — खालून पाना धर आणि वरून फिरव. हां, असा. मीच बसवलेत ते, एक्क्याऐंशी साली, आणि बसवताना मनात एकच होतं की घर पडलं तरी चालेल, टेबल हलता कामा नये. दोन फळ्या एकावर एक चिकटवल्यात, पाय भिंतीच्या खांबांना आवळलेत — का म्हणजे? अरे, काडतुसं भरायच्या प्रेसचा दांडा खाली ओढताना टेबल नुसतं डुललं तरी एक काडतूस एका मापाचं होतं, दुसरं दुसऱ्याच. तुझ्या सासऱ्याला विचार, तो सांगेल. हॅलव्हर्सनचा जावई ना तू? कोल्बी. फोनवर नाव ऐकलं तेव्हाच म्हटलं, हा त्याच्या धाकटीचा नवरा. माझं सगळं शिसं त्याच्याच टायरच्या दुकानातून यायचं, माहितीये? चाकांना लावतात ती वजनं — जुनी काढली की तो बादलीत टाकायचा, बादली भरली की हाक मारायचा, 'व्हर्लिन, घेऊन जा रे तुझं सोनं.' सोनंच होतं ते. हिवाळाभर ओतत बसायचो.

तू ओतणार का गोळ्या, की नुसतीच काडतुसं भरणार? दोन्ही? छान. मग ऐक — साचा थंड असला ना, की पहिल्या दहा-बारा गोळ्या सुरकुतलेल्या निघतात, माझ्या गालासारख्या. त्या बघून धीर सोडायचा नाही, परत भांड्यात टाकायच्या. शिसं वितळलं की वर मळ येतो, मेणबत्तीचा तुकडा टाकायचा आणि ढवळायचं — धूर होतो बरं का, भयंकर — मग खाली कसं, आरशासारखं. बंदुकीची दारू मात्र या बाजूला आणायचीच नाही. त्या कपाटात. टेबलावर एका वेळी एकच डबा, आणि हात चालू असताना तोंड बंद. फोन नाही, रेडिओ नाही. चव्वेचाळीस वर्षं झाली, माझं एक काडतूस कधी फसलं नाही. एक नाही. शेजारपाजारचे हरणांच्या शिकारीच्या मोसमाआधी माझ्याकडे यायचे, व्हर्लिन, एवढी भरून दे. दुकानातल्या गोळीवर माझा विश्वास नव्हता आणि त्यांचाही नव्हता. माणूस असा काळजीवाला — असं सगळे म्हणायचे. काळजीवाला!

ते? ते काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घासायचं यंत्र. मक्याच्या कणसाचा भुसा घालायचा, उडालेल्या पुंगळ्या टाकायच्या, तीन तास थरथरत ठेवायचं — आत जातात शिशाच्या काजळीनं काळ्या, बाहेर येतात पिवळ्याधमक. तेही तुझंच, जाहिरातीत लिहिलंय ना, सगळं मिळून. हो, स्वस्त आहे. खूप स्वस्त आहे, मला कळतं. मला ते शनिवारच्या आत घराबाहेर हवंय, बस. तू ठेवणार कुठे पण? तुम्ही त्या नदीकाठच्या घरात राहता ना — जागा आहे का तिथे?

कुठे म्हणालास?

कपडे धुवायच्या खोलीत.

नाही, काही नाही. थांब जरा, पाना ठेव खाली. बस त्या स्टुलावर. — बायको बरी आहे ना तुझी? हॅलव्हर्सन म्हणत होता मागे, काहीतरी गोड बातमी... जानेवारीत? बरं. बरं. जानेवारी म्हणजे थंडी ऐन भरात. बाहेरच्या शेडमध्ये का नाही ठेवत? तिथे गारठा, हो, शिसं ओतताना बोटं वळत नाहीत, मला सांगतोस? मी तेच म्हणायचो. अगदी हेच शब्द. आर्लिस म्हणाली होती — आर्लिस माझी बायको, मे महिन्यात गेली — ती म्हणाली होती, 'व्हर्लिन, पोर येतंय घरात, तुझा पसारा गोठ्याकडे हलव.' मी म्हटलं, बर्फ वितळलं की हलवतो. ओतायच्या साच्याच्या खोक्यावर लिहिलेलं असतं रे सगळं, लहान मुलांपासून दूर ठेवा, मोठ्या अक्षरात. मी वाचलेलं होतं. वाचता येत नव्हतं असं नाही.

हायडी, आमची मुलगी. तिचं नवऱ्याशी फाटलं आणि ती पोरीला घेऊन आमच्याकडे आली, नोव्हेंबरात. मारेन अकरा महिन्यांची. एवढीशी — आणि डोकं असं, पिसासारखे केस. हायडीला म्हाताऱ्यांच्या त्या घरात नोकरी मिळाली, सकाळची पाळी, आर्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात. घरी कोण? मी. मी नुकताच धान्याच्या कोठारावरून निवृत्त झालेला. बाहेर उणे तीस. वर वारा खिडक्यांतून आत येतो आणि हे तळघर, ती घर तापवायची भट्टी दिसतेय ना, तिच्यामुळे उबदार. त्या पलीकडे कपडे धुवायचं मशीन. इथे मी. तर पोरीला कुठे ठेवणार?

मार्चात तिला सर्दीसाठी नेलं डॉक्टरकडे, तिथे बोटातून थेंबभर रक्त घेतलं, सगळ्याच मुलांचं घेतात. दुसऱ्या दिवशी फोन. रक्तातल्या शिशाचा आकडा पाचच्या आत असायला हवा म्हणे. तिचा सत्तेचाळीस. हायडीनं फोन खाली ठेवला आणि पोरीला उचललं. त्याच संध्याकाळी बिलिंग्जचं मोठं हॉस्पिटल, दोनशे किलोमीटर, बर्फातून, मी गाडी चालवतोय, मागे हायडी पोरीला धरून. तिथलं ते शिसं उतरवायचं औषध — सडक्या अंड्यासारखा वास, सफरचंदाच्या गरात कालवून द्यायचं, ती थुंकायची, परत भरवायचं. तिसऱ्या दिवशी तिनं चमचा बघितला की रडणंसुद्धा सोडलं. नुसतं तोंड उघडायची. ते बघवत नव्हतं. रडली असती तर बरं झालं असतं.

मग सरकारची एक बाई आली घर तपासायला. चांगली होती, आवाज चढवला नाही तिनं. हातात यंत्र, भिंतीला लाव, फरशीला लाव, आकडे लिहून घे. सगळीकडे होतं. या जिन्याच्या पायऱ्यांवर, भट्टीच्या जाळीत — भट्टी इथली हवा ओढायची आणि वर पाळण्याच्या खोलीत सोडायची. आणि मशीनचं झाकण ओल्या फडक्यानं पुसलं तर त्यावरही. ती म्हणाली, 'यांचे ओतकामाचे कपडे आणि बाळाचे कपडे एकत्र धुता का?' आर्लिस म्हणाली, 'हो.' लगेच म्हणाली. ती कधी खोटं बोलायचीच नाही, तिला जमायचं नाही. आणि हायडी वळली तिच्याकडे. 'आई, तू एकत्र धुतलेस? चाळीस वर्षं या घरात राहून तुला एवढं कळलं नाही?' आर्लिसच्या हातात टॉवेल होता, त्याची घडी घालत राहिली. उलगडायची, परत घालायची.

मी कुठे होतो म्हणजे? तू आता बसलायस ना, तिथेच. त्या स्टुलावर.

आणि त्या बाईनं मला विचारलं. सरळ विचारलं, वहीवर पेन टेकवून — 'पोर कधी या टेबलाजवळ यायची का? काही तोंडात घालायची का इथलं?' मी म्हटलं, 'नाही. मी तिला इकडे फिरकूच देत नव्हतो.' तिनं लिहून घेतलं. झालं.

तू असा बघू नकोस. — बघ. बघ, काय करणार.

तिला आवाज आवडायचा रे. पुंगळ्यांचा. न घासलेल्या पुंगळ्यांचा डबा होता, तो मी एकदा फरशीवर ठेवला, ती रांगत आली, दोन हातात दोन घेतल्या आणि एकमेकींवर आपटल्या — किणकिण. आणि हसली. तुला सांगतो, आई कामावर गेल्यावर सकाळभर किरकिर करणारी पोर, तोवर माझ्याकडे बघून कधी हसली नव्हती. मग रोजचंच झालं. हायडी गेली की गोधडी अंथरायची, इथे, या टेबलाखाली, डबा द्यायचा, मी वर कामाला. ती खाली किणकिण, मी वर दांडा ओढतोय. दात येत होते तिला. दात येणारं पोर हातातलं कुठे नेणार? मी बघायचो. काढून घ्यायचो, पुसायचो पॅन्टला — या पॅन्टला! — आणि परत द्यायचो. काढून घेतली की रडायची ना. चार महिने. चार महिने मी तिला स्वतःच्या हातानं...

पाणी नको. बस तू.

हायडी एप्रिलात घर सोडून गेली, पार दुसऱ्या राज्यात, स्पोकेनला. जाताना मला मिठी मारली. मला! आईकडे बघितलंही नाही. आर्लिस फाटकाशी हात वर करून उभी आणि गाडीतलं कुणी हात हलवत नाही. त्यानंतर नाताळला कार्ड, मारेनच्या वाढदिवसाला आर्लिसनं पाठवलेल्या भेटीची पोच, तेवढंच. मारेन साडेतीन वर्षांची होईतो बोलली नाही. आता नऊची होईल. शाळेत तिच्या शेजारी वेगळ्या बाई बसतात, अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे टिकत नाहीत म्हणे, एका जागी बसवत नाही तिला. डॉक्टर म्हणतात, शिशामुळेच असं खात्रीनं सांगता येत नाही. मला येतं.

आर्लिसला ठाऊक होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही आजवर, आणि तुला का सांगतोय कोण जाणे, टेबल न्यायला आलेल्या माणसाला. हायडी गेल्यावर महिनाभरानं ती पोरीचे मागे राहिलेले कपडे आवरत होती. त्यात एक छोटा निळा कोट. मी बाहेरून आलो, खाली उतरलो, तर टेबलाच्या बरोबर मधोमध एक पुंगळी उभी. एकच. मी टेबल रोज पुसून ठेवतो, त्यावर काही नसतं. कोट शेजारी घडी करून ठेवलेला, खिसा बाहेर ओढलेला. वर आर्लिस कॉफी करत होती. मी पुंगळी उचलली, डब्यात टाकली, वर गेलो. ती म्हणाली, 'साखर संपलीये, उद्या आण.' मी म्हटलं, 'आणतो.'

सात वर्षं, कोल्बी. सात वर्षं एका टेबलावर जेवलो, एका गादीवर झोपलो. ती बोलली नाही. मी वाट बघायचो की ती बोलेल आणि एकदाचं सुटेल. ती वाट बघत होती की मी बोलेन. आता कळतं ते. तेव्हाही कळत होतं — नाही, खरं सांगतो, तेव्हाही कळत होतं.

मे महिन्यात हायडी आली, एकटी, शेवटच्या दोन दिवसांत. आर्लिसचा आवाज बसलेला, नुसती कुजबुजायची. मी बर्फाच्या खड्यांचा पेला घेऊन दारात उभा. तर ही माझी बायको, हिनं मुलीचा हात धरला आणि म्हणाली, 'मला माफ कर गं. मी कपडे वेगळे धुवायला हवे होते.' आणि हायडी म्हणाली, 'जाऊ दे आई.' तिचे केस मागे सारले आणि म्हणाली, 'जाऊ दे आता.' आर्लिसनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मी बोललो असतो, शपथ सांगतो. तिनं असं बघितलं की जणू — आता तुझ्यावर आहे, व्हर्लिन. आणि मी आत गेलो आणि म्हटलं, 'बर्फ आणलाय.'

ती त्याच पहाटे गेली.

शनिवारी हायडी येतेय. आईचे कपडे न्यायला. मारेनलाही आणतेय, तेव्हापासून पहिल्यांदा. जाहिरात त्यासाठीच दिली. तुला सांगितलं की पोरीच्या नजरेला हे पडू नये म्हणून — फोनवर तसंच म्हणालो ना मी? नातीसाठी. खोटं आहे ते. पोरीला काय आठवणार. मला भीती होती की हायडी खाली उतरेल, टेबल बघेल आणि विचारेल, 'बाबा, ती इथे कधी यायची का हो?' टेबल नसेल तर विचारणार नाही. एवढंच. म्हणून स्वस्त.

तो दुसरा बोल्ट राहू दे. नाही, सोडवू नकोस. पाना दे इकडे.

पाकीट आत ठेव, मला काही नको. लांबून आलास, पेट्रोल जाळलंस, त्याबद्दल माफ कर. रागावलास तरी चालेल. मला हे शनिवारी इथे हवं आहे, असंच, जिथल्या तिथे. मी तिला जिन्यानं खाली आणणार आणि दाखवणार की गोधडी कुठे होती. नाहीतर मी पुन्हा काहीतरी भलतंच बोलेन, मला माहितीये मी कसा आहे ते. जेवायला बसा म्हणेन. हवेबद्दल बोलेन.

तू आता जा. आणि ऐक — घरी गेलास की बूट दाराबाहेर काढ, शर्ट पिशवीत घाल, पोटुशी बायको जवळ आली तर आधी हात धू, साबणानं, कोपरापर्यंत. आजच इथे होतास म्हणून सांगतो. हॅलव्हर्सनला काही सांगू नकोस. — नाही, सांग. सांगायचं तर सांग. शनिवारनंतर सांग.

जा म्हटलं ना. बघत काय उभा राहिलास, जा.