जावयाची अंगठी

माझं माहेर इंदापूरच्या अलीकडं, आन् दिलं ते पण लांब न्हाय, हितंच डाळजला. हायवेच्या कडंला आमची खानावळ हाय, सासऱ्यानं पत्र्याचं शेड टाकून चालू केल्याली, आता वर स्लॅब पडला एवढंच. ट्रकवालं येत्यात, भिगवणला मासं खायला निघाल्यालं पुण्याचं लोक वाट चुकून आमच्याकडं येत्यात, आन् मी लगीन झाल्यापास्नं चुलीपुढं भाकरी थापती. म्हणून माझ्या बोटात तुमाला कवा अंगठी दिसायची न्हाय. भाकरीवाल्या बाईनं अंगठी घालूच न्हाय बगा, आन् खड्याची तर न्हाईच न्हाय, पीठ जाऊन खड्याखाली बसतं, वाळतं, खडा सैल हुतो, आन् एक दिस कुणाच्या तरी ताटात जातो. पन अंगावर न्हाय म्हणून सोनं कळत न्हाय आसं थोडंच हाय? माझ्या आईच्या दोन पाटल्या व्हत्या. जाताना माझ्या हातात घालून गेली. तिचं सगळं शिकवणं मला त्या पाटल्यांसंगं मिळालं.

तर अश्विनीचं ठरलं. अश्विनी आमची थोरली, बी.एड. करत व्हती. पोरगा कऱ्हाटीचा, सागर नाव, ऊस हाय, गाया हायेत, ट्रॅक्टर स्वतः चालवतो. त्याचं वडील म्हंजी तात्या, भारदस्त माणूस, मिशी बगूनच बोलणं कमी व्हावं आपलं. मागणी काई न्हाय म्हणले. पन साखरपुड्यात जावयाच्या बोटात अंगठी घालायची ती आपल्याकडनं, ही रीतच हाय, त्याला मागावं लागतंय व्हय? पोरं म्हणत व्हती बारामतीच्या मोठ्या दुकानात तयार मिळत्यात, अठरा कॅरेटच्या, नाजूक, बारीक खड्याच्या. मी म्हणलं, आजीच्या पाटल्या काय पूजेला ठेवायच्या? त्यातली एक काढली आन् इंदापूरला आमच्या जुन्या सोनारआबाकडं गेली.

आबा कामाचा माणूस, पन बोलतो लई. म्हणला, निव्वळ सोनं मऊ असतंय, बोटात घातलं तर आठ दिसांत वाकडं, म्हणून त्यात जरा तांबं पायजेच, तुझी पाटली बावीसची हाय, तेवढंच राहू दे. म्हणला, गळ्यातलं नुसतं लटकत असतं, बोटातल्याला सगळं जग लागतं, खोऱ्याचा दांडा लागतो, ट्रॅक्टरचं स्टेअरिंग लागतं, म्हणून साधी गोल करू, आतनं गुळगुळीत, जाड, खडा नको. माप सकाळचं घ्यायचं न्हाय, सकाळी बोट बारीक असतं, दिसभर काम करून सांजच्याला फुगतं तवा घ्यायचं. पेरावरनं नेटानं सरकली पायजे आन् हात झटकला तरी पडाय नको. तेवढ्यासाठी सागरला संध्याकाळी धार काढून झाल्यावर बोलावलं आबानं, काय सांगू तुमाला. पाटली माझ्या डोळ्यांदेखत वितळवली, मी जागची हलली न्हाय. हॉलमार्कचा शिक्का मारून आणतो, थोडं थांबा म्हणला, तर आमचं मालक म्हणले, आवो, साखरपुडा तोंडावर आलाय, आन् सासूबाईंच्या सोन्याला शिक्का कशाला? तशीच घेऊन आलो. कोमट पाण्यात रिठा घालून मऊ ब्रशनं धुवायची, चुन्यानं आन् टूथपेस्टनं घासायची न्हाय, एवढं सांगून त्यानं डबीत घालून दिली.

लगीन झालं, चांगलं झालं. पोरगी नांदायला लागली. आन् उन्हाळ्याच्या शेवटाला विहीणबाईंचा फोन आला. जरा येऊन जावा म्हणल्या, काई गडबड न्हाय, सवडीनं या. आता लेकीच्या सासरनं सवडीनं या म्हणलं की आईला सवड असती व्हय? भाकरीचं पीठ तसंच झाकलं आन् आमी दोघं निघालो.

तितं गेलो तर चहा आला, पोहं आलं, अश्विनी वर बगंना. मालकांनी उसाचं इचारलं, तात्यांनी पाण्याचं सांगितलं. मंग विहीणबाईंनी आतनं एक वाटी आणून माझ्या म्होरं ठेवली. वाटीत कापूस, कापसात अंगठी. पांढरी. जस्ताच्या बादलीगत पांढरी फट्ट.

तात्या म्हणले, आमी कुणाला बोललो न्हाय. सोनाराकडं पन न्हेली न्हाय, बाजारात बभ्रा नको. ताई, जमत नव्हतं तर तसं सांगायचं, आमी काय मागितली व्हती का? आसू द्या, पोरगी चांगली हाय, इषय संपला.

त्यांनी भांडान केलं आसतं तर मी भांडली आसती. खानावळीवाल्या बाईला भांडान नवं न्हाय. पन त्यांनी माफ केलं वो. माझ्या आईची पाटली, ती खोटी ठरली आन् वर मला माफी. जल्मभर त्या घरात माझ्या लेकीकडं बगताना त्यांना ती पांढरी अंगठी दिसणार, आन् ती बिचारी खाली मान घालून वावरणार, एवढंच माझ्या डोळ्यापुढं. आमच्या मालकांचं तर तोंडच उतरलं. मला रडू पन आलं आन् राग पन आला.

मंग मी अंगठी हातात घेतली. हातात घेतली की कळतं, वजन व्हतं तिला. उलटी करून बगितली, तर आतल्या अंगाला, बोटाला टेकतं तितं, पिवळं दिसत व्हतं. आन् मला आईच कानात बोलल्यासारखं झालं. पाऱ्याला सोनं दावू न्हाय, शालन. आमच्या आईच्या घरी धान्य भरताना राखंत पारा घोळून गव्हाला लावायची, किडा लागू नये म्हणून, आन् त्या आधी बांगड्या, डोरलं, सगळं काढून देवाम्होरं ठेवायची. पारा सोन्याला लागला की सोनं पांढरं पडतं. ही गोष्ट आपल्याकडच्या समद्या बायांना ठावं.

मी इचारलं, विहीणबाई, तुमी धान्य कवा भरलं? त्या म्हणल्या, मी कुठं भरलं, मी वालचंदनगरला लेकीच्या बाळंतपणाला व्हती, फोनवर सांगितलं सूनबाईला, तिनं भरलं. पारा लावून? व्हय, पारा लावून. अश्विनीच्या बोटात तिची अंगठी व्हती, ती पिवळी धमक. विहीणबाईंनी पन बगितलं, मंग दारातल्या सागरकडं बगितलं. आन् म्हणल्या, छ्या, सागरचा काय संबंध, आमच्यात गडीमाणसं कोठीच्या खोलीत पाय ठेवत न्हाईत. त्यांनाबी पाऱ्याचं ठावं व्हतं हो, पन पारा बायांच्या हातात आन् ही अंगठी गड्याच्या बोटात, दोन्ही एका जागी येतील आसं त्यांच्या ध्यानातच आलं न्हाय.

माझ्या ध्यानात आलं. अश्विनीच्या तोंडाकडं बगूनच आलं. पन मी गप बसली. ते मी बोलून भागणार नव्हतं. पोराच्या सासूनं सांगितलं म्हणून कोण मानतं? ज्याचं त्यानं बोलाय पायजे. सागर दाराला टेकून उभा व्हता, अंगठा बोटाच्या मोकळ्या जागंवर फिरवत. मी त्याच्याकडं बगत ऱ्हायली. रागानं न्हाय, नुसतं बगत.

मंग त्यो म्हणला, तात्या, पारा मी लावला. हिचा दुसऱ्या दिवशी पेपर व्हता. मीच म्हणलं, तू अभ्यास कर, मी भरतो.

तात्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली. सागर खालमानेनं म्हणला, तुमी बाईलबुद्ध्या म्हणाल म्हणून हिलाबी बोलू दिलं न्हाय. मला तवा ठावंच नव्हतं पारा सोन्याला खातो ते. ही पुस्तकात व्हती, मला कुणी सांगितलंच न्हाय.

आता कोण सांगणार? आया लेकींना सांगत्यात, लेकाला कोण सांगतं? लेकानं कोठीत हात घातला तर त्याला हसत्यात. मला तवा त्या पोराचा रागच आला न्हाय बगा. उलट वाटलं, माझ्या पोरीचा पेपर म्हणून ज्यानं सगळी पोती एकट्यानं भरली, त्याच्या बोटात आईची पाटली गेली ती बरोबर गेली.

तात्या उठले, टोपी घातली, म्हणले, चला बारामतीला. त्यांच्या वळखीच्या सोनारानं अंगठी बगितल्या बगितल्या इचारलं, धान्य कुणी भरलं? तात्या म्हणले, आमच्या पोरानं. असं सगळ्यांम्होरं म्हणले. सोनारानं आमाला लांब वाऱ्याच्या वरल्या अंगाला उभं केलं, पाऱ्याची वाफ लई वाईट, छातीत जाती म्हणला, आन् परड्यात उघड्यावर अंगठी तापवली. पांढरं उडालं आन् आईचं सोनं वर आलं. कसोटीवर घासून म्हणला, बावीस. मालकांनी तितंच डोळं पुसलं. वर बारीक टिपक्यांची खूण ऱ्हायली हाय, सोनार म्हणला घासून काढतो, सागर म्हणला ऱ्हाऊ द्या. पारा पुन्हा घरात आणायचा न्हाय, त्यो पोटात गेला तर माणसालाबी खातो, हे पन सोनारानं ठणकावून सांगितलं. तवापास्नं कऱ्हाटीला धान्याला एरंडेल आन् कडुनिंबाचा पाला.

यंदा अश्विनी शाळंत लागली, सुट्टी मिळंना, म्हणून धान्य भरायला मी गेली. कोठीच्या दाराला नवा खिळा ठोकल्याला, त्याला कापडाची पिशवी. आता पारा न्हाय तर काढायची गरज न्हाय, पन आत जाताना अंगठी पिशवीत टाकायची, अशी त्या घराची रीतच पडली हाय. मी पिशवीत बगितलं. सागरची अंगठी, टिपक्यांची. आन् तिच्याखाली दुसरी, मोठी, जुन्या घडणीची.

आत डोकावलं तर तात्या बाह्या वर करून बसल्यालं, कोपरापातूर एरंडेल, गहू चोळत्यात. मला बगून जरा थबकलं. मंग म्हणले, ताई, चहाचं तेवढं तुमी बगा, आमचं हात गुतल्यात.

माझ्याकडं आईची दुसरी पाटली हाय अजून. धाकटीचं ठरंल तवा बगू, तिला पन आसंच घर मिळू दे. मी चुलीकडं गेली आन् चहा ठेवला.