ताईला न विचारता दिलेल्या गोळ्या

व्यासपीठावर विराजमान अध्यक्ष महोदय, आपल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठाता बाई, संशोधन विभागाचे प्रमुख आणि आम्हा पेशंटांचे मोठे डॉक्टर, नैतिकता समितीतील माझे सहकारी, प्रयोगशाळेतली यंत्रं कोणाच्या तरी भरवशावर सोडून आलेली मंडळी, मागच्या रांगांत बसलेले पेशंट आणि त्यांच्या घरचे, आणि ज्यांच्या सत्कारासाठी हा सगळा खटाटोप आहे, पण ज्या आत्तासुद्धा कोणी हाक मारली तर पटकन उठता यावं म्हणून खुर्चीच्या कडेवर बसल्या आहेत, अशा आमच्या सिस्टर. आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

आधीच्या वक्त्यांनी सिस्टरांची तीस वर्षांची सेवा, त्यांनी सांभाळलेल्या सेहेचाळीस औषधचाचण्या आणि त्यांचा मितभाषी स्वभाव यांचा गौरव केला. पहिल्या दोन गोष्टींबद्दल माझं काही म्हणणं नाही. मितभाषी मात्र त्या व्यासपीठावरच असाव्यात. त्यांच्या खोलीत पेशंट दोन तास बसतो. आम्ही पेशंट आपापसांत त्यांना ‘परत सांगा बाई’ म्हणतो, हे आज उघड करायला हरकत नाही. काहीही सांगितलं की त्या पेन खाली ठेवतात आणि म्हणतात, “परत सांगा.” तुम्ही खोटं बोलत असाल तर दुसऱ्यांदा सांगताना घाम फुटतो. हे मी ऐकीव सांगत नाही.

मला बोलावलं आहे ते समितीचा सदस्य म्हणून. आपल्या समितीत डॉक्टर नसलेली एक-दोन माणसं असावी लागतात, त्यांतला मी एक. पण आज मी त्या नात्याने बोलणार नाही. बारा वर्षांपूर्वी मी सिस्टरांचा पेशंट होतो आणि एक फार मोठी चूक करूनही, या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्यामुळे वाचलो. माझ्यापेक्षाही माझी ताई वाचली. ती समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. ही हकिकत सांगू का, हे मी तिला विचारून आलो आहे. ती म्हणाली, “सांग, पण स्वतःला फार शहाणा करून सांगू नकोस.” तेवढं मला जमेल.

आमच्या आईला किडनीचा आजार होता. किडनीत पाण्याच्या गाठी वाढत जातात आणि एक दिवस किडनीला काम करायला जागाच उरत नाही. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि ताई वीस. ताईने ग्रंथालयात नोकरी धरली आणि मला वाढवलं. माझ्या वह्यांना कव्हरं घालण्यापासून माझ्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला बाहेर बाकड्यावर बसून राहण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. मी छापखान्यात मुद्रितशोधक झालो. दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरू लागलो. मग चाळिशीत माझी सोनोग्राफी झाली, पाठोपाठ ताईची. दोघांनाही आईचाच आजार निघाला.

त्याच सुमारास इथे एका नव्या औषधाची चाचणी सुरू झाली. आम्ही दोघंही आलो. तपासण्या झाल्या आणि निकाल असा लागला की मला घेतलं आणि ताईला वगळलं. तिची किडनी बरीच पुढे गेली होती. सिस्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, “ताई, हे औषध लिव्हरला त्रास देऊ शकतं. तुमच्या अवस्थेत ते कसं वागेल हे अजून कोणालाच माहीत नाही. म्हणून तुम्हाला देता येत नाही.” ताईने दोन प्रश्न विचारले आणि पर्स उचलली. “याचं तरी होतंय ना, झालं तर मग.”

तिचं झालं. माझं होईना. जिने मला वाढवलं तिला दारातून परत पाठवायचं आणि मला आत घ्यायचं, हा कुठला न्याय? मी त्या वेळी अगदी असाच विचार करत होतो. आणि मंडळी, तो विचार मनात खूप उदात्त वाटतो, हीच त्यातली भानगड आहे.

दिवसाला दोन गोळ्या होत्या. सकाळी एक, दुपारी एक. त्या खऱ्या औषधाच्या की नुसत्या पिठाच्या, हे मला, सिस्टरांना किंवा डॉक्टरांना कोणालाच ठाऊक नसायचं. पण पहिल्याच महिन्यात मला अशी तहान लागायची की मोठी बाटली घेतल्याशिवाय मी घराबाहेर पडत नसे. तेव्हा मी ओळखलं, आपली गोळी खरी आहे. दुसऱ्या भेटीनंतर मी दुपारची गोळी ताईला देऊ लागलो.

तिला काय सांगितलं? “छापखान्यात सगळ्यांना जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाटल्यात, घरच्यांसाठीसुद्धा.”

ती म्हणाली, “तुझ्या छापखान्याला माझी काळजी कधीपासून?” आणि हसून गिळली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. का ठेवू नये?

तिसऱ्या भेटीत सिस्टरांनी विचारलं, तहान कशी आहे? मी म्हटलं, जरा कमी झाली. त्यांनी लिहून घेतलं. रिकामी पाकिटं मी मोजून परत दिली. सगळं कसं बिनचूक.

चौथ्या भेटीला रक्त दिलं, वजन झालं आणि सिस्टरांनी फाइल मिटता मिटता सहज विचारलं, “घरी ताई कशा आहेत?” हा प्रश्न त्यांच्या कुठल्याच तक्त्यात नाही. तो त्या आपल्या मनाने विचारतात. मीही सहज बोलून गेलो, “बरी आहे. जेवण कमी झालंय, अंगाला खाज सुटते म्हणते. आणि पाणी किती पिते! ग्रंथालयात तिच्या टेबलावर तीन बाटल्या असतात.”

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. “परत सांगा.”

मी परत सांगितलं, या वेळी एकच बाटली सांगितली. त्यांनी माझ्या बाटलीकडे बघितलं. ती सकाळपासून भरलेलीच होती. मग त्या उठल्या, दार लोटलं आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या.

“मी आता एक विचारते. मला काय वाटेल याचा विचार करू नका. ताईंचा करा. तुम्ही त्यांना आपल्या गोळ्या देता का?”

मी हो म्हटलं.

“किती दिवस?”

“नऊ आठवडे.”

“त्यांना माहीत आहे?”

मी ‘नाही’ म्हणून नुसती मान हलवली.

त्या रागावतील म्हणून मी अंग चोरून बसलो होतो. रागवायला त्यांना वेळच नव्हता. “त्या आत्ता कुठे आहेत? नंबर सांगा.” ग्रंथालयात फोन लावला. तिथल्या मुलीने सांगितलं की ताईंना मळमळतंय म्हणून त्या आत पडून आहेत, डोळे पिवळे दिसतात. पुढच्या अर्ध्या तासात सिस्टरांनी गाडी पाठवली, मोठ्या डॉक्टरांना बाह्यरुग्ण विभागातून उठवलं, प्रयोगशाळेत सांगून ठेवलं आणि स्वतः व्हीलचेअर घेऊन फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागे मागे. माझ्या हातात ती भरलेली बाटली तशीच होती.

प्रयोगशाळेतल्या ज्या बाईंनी ताईच्या रक्ताचा नमुना लावला त्या आज इथे आहेत. त्या म्हणतात की आकडा बघून त्यांनी तपासणी परत लावली, कारण यंत्र बिघडलं असावं असं त्यांना वाटलं. यंत्र बरोबर होतं. लिव्हरचा आकडा असायला हवा त्याच्या तीसपट होता. कोणाची गोळी खरी हे ज्यात लिहिलेलं असतं ते सीलबंद पाकीट मोठ्या डॉक्टरांनी फोडलं. माझी गोळी खरीच होती. आणखी आठ-दहा दिवस गेले असते तर काय झालं असतं, हे मी त्यांना एकदाच विचारलं. “मग आमच्या हातात काही उरलं नसतं,” ते म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही.

ताई अकरा दिवस रुग्णालयात होती. पहिले तीन दिवस ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. चौथ्या दिवशी मी पाण्याचा पेला पुढे केला तर म्हणाली, “यात काही घातलं नाहीस ना?”

मी रडायलाच लागलो. म्हटलं, “ताई, तू विचारलं असतंस तर नाही म्हणाली असतीस. म्हणून नाही विचारलं.”

ती म्हणाली, “कोणी सांगितलं तुला? कदाचित घेतल्याही असत्या. पण मग अंगाला खाज सुटल्यावर मी कोणाला तरी सांगितलं असतं ना. मी आपली साबण बदलत बसले.”

आदरणीय अध्यक्ष महोदय, आपल्या समितीत पेशंटच्या संमतीवर मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली आहेत. एकदा तर माझ्या मानेला रग लागेपर्यंत ऐकलं. पण संमती कशासाठी घ्यायची हे मला साबणाच्या त्या वाक्यात जेवढं कळलं, तेवढं नंतर कधी कळलं नाही.

आता यापुढचं मला तेव्हा माहीत नव्हतं. समितीत आल्यावर जुनी फाइल वाचली तेव्हा कळलं. झाल्या प्रकाराचा अहवाल सिस्टरांनी लिहिला. त्यात माझी चूक होतीच. पण शेवटी त्यांनी लिहिलं होतं: तिसऱ्या भेटीत पेशंटने तहान कमी झाल्याचं सांगितलं. मी नोंद केली, पण का कमी झाली हे विचारलं नाही. विचारलं असतं तर हे एक महिना आधी थांबलं असतं.

मोठे डॉक्टर, तुम्हीच मला नंतर सांगितलंत, म्हणून सांगतो. तुम्ही म्हणाला होतात, “सिस्टर, ही ओळ नसली तरी चालेल.” आणि त्या म्हणाल्या होत्या, “सर, ती मला आठवत राहणारच आहे. मग कागदावर का नको?”

त्या ओळीपायी सहा महिने त्यांच्या प्रत्येक नोंदीवर त्यांच्यापेक्षा कितीतरी धाकट्या सहकारी मुलीची सही लागत होती. त्या काळात मी दर आठवड्याला ताईच्या तपासणीसाठी येत होतो. दर वेळी सिस्टर भेटायच्या, ताईची चौकशी करायच्या. एका शब्दाने हे मला कळू दिलं नाही. ज्या माणसामुळे आपल्यावर ही वेळ आली त्याला चहा विचारायचा, हे मला जमलं नसतं. सिस्टर, खाली बघू नका, आज ऐकून घ्यावंच लागेल.

चाचणीतून मी अर्थातच बाहेर पडलो. ते औषध पुढे बाजारात आलं. त्याच्यावरच्या शोधनिबंधात माझा आकडा कुठेही नाही, आणि नसावाच. पण एका वर्षाने सिस्टरांचा फोन आला. “तुम्ही मुद्रितं तपासता ना? आमचं संमतीपत्र वाचाल का? जिथे कळणार नाही तिथे खूण करा.”

बावीस पानं होती. मी एकशे एकेचाळीस खुणा केल्या. ‘संभाव्य प्रतिकूल परिणामांच्या अनुषंगाने’ असं एक वाक्य सुरू व्हायचं, ते संपेपर्यंत पेशंट घरी पोचेल. मला वाटलं, आता मात्र रागावतील. त्यांनी पानं उलटली आणि विचारलं, “एवढ्याच?” आम्ही दोघांनी मिळून ते वाक्य ‘काय त्रास होऊ शकतो’ एवढ्यावर आणलं. आणि सिस्टरांनी स्वतःच्या हाताने त्यात एक परिच्छेद घातला. आज आपल्या प्रत्येक संमतीपत्रात तो असतो: हे औषध घरात दुसऱ्या कोणाला देऊ नका. त्यांनाही हाच आजार असेल आणि त्यांना चाचणीत घेतलं नसेल, तर आम्हाला सांगा. आम्ही त्यांच्याशीही बोलू. तेव्हापासून वगळलेल्या माणसालाही वेगळी वेळ देऊन बोलावतात. त्याचं ऐकून घेतात. त्याला दुसरं काय करता येईल ते सांगतात. अकरा वर्षांत किती ताया, किती भाऊ त्या खोलीत बसून गेले, ते सिस्टरच जाणोत.

ताई आता डायलिसिसवर आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्यापुढेही एका चाचणीचं संमतीपत्र आलं. ते मीच तपासलेलं होतं, त्यामुळे मला जरा अभिमान वाटत होता. ताईने ते चार दिवस वाचलं, चष्मा पुसून पुसून वाचलं, आणि सिस्टरांना जाऊन म्हणाली, “सगळं समजलं. मला नाही करायचं.” मी मध्ये तोंड घालणार होतो. सिस्टरांनी हातानेच मला थांबवलं. “बरं ताई,” त्या म्हणाल्या, “मग आज डायलिसिसला खिडकीजवळची खुर्ची घ्या, रिकामी आहे.” ना चेहरा पडला, ना आवाज बदलला. मी हे बघून घेतलं.

काल संध्याकाळी या भाषणाची जुळवाजुळव करत होतो. ताईला म्हटलं, तुझ्याकडून काय सांगू? तिने जे सांगितलं ते बारा वर्षांत मला कधीच सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, “त्या दिवशी फाटकात गाडी थांबली. मला काही सुधरत नव्हतं. सगळे धावत होते, कोणी दार उघडतंय, कोणी नाडी बघतंय. सिस्टरांनी माझा हात धरला. आधी आपलं नाव सांगितलं. मग म्हणाल्या, तुमच्या पोटात एक औषध गेलंय, तुम्हाला न सांगता, त्याने हे झालंय. मग सुई हातात असताना थांबल्या आणि विचारलं, ‘ताई, रक्त काढू का?’ नऊ आठवड्यांत मला कोणीतरी पहिल्यांदा विचारलं होतं. मी हो म्हटलं. एवढंच सांग.”

सिस्टर, तिने सांगितलं तेवढंच सांगितलं. माझ्याकडून आणि तिच्याकडून तुमचे आभार. या संस्थेने मला बोलायला उभं केलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादी गोष्ट सांगायला नको होती ती सांगितली गेली असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. नमस्कार.