दहावर गाणारा ॲम्प

...आणि वर मलाच म्हणतात, "दोनवर ठेव ना, कुणी अडवलंय?" दोनवर! अहो, तुम्हाला सांगतो, दोनवर त्यातून डास गुणगुणतो, डास! हा माझ्या मामाचा गिटारचा ॲम्प. ओलोंगापो गावच्या बँडमध्ये मामानं उभी हयात ह्याच्यावर काढली. आत जुन्या रेडिओसारखे काचेचे व्हॉल्व्ह, ते चांगले सणसणून तापले, बटण पार शेवटपर्यंत पिळलं, की मग कुठे तारेला कंठ फुटतो, भरदार, जरा खरखरीत, पोटातून आलेला... मामा गेला, पण दहावर लावला की मामा खोलीत असतो हो. दोनवर कुरकुरतो, दहावर गातो, त्याला मी काय करू?

बरं, आमची मारिकिनाची गल्ली काय शांततेसाठी प्रसिद्ध आहे? शेजारी सियोनी मावशी. दारात व्हिडिओकेचं, म्हणजे कराओकेचं, मशीन, दुपारपासून माइक हातात, प्रेमभंगाचं तेच एक गाणं, आणि संपलं की मशीन शंभरपैकी गुण देतं, वर तुतारी वाजवतं आणि गल्ली टाळ्या पिटते. त्यांची तक्रार कुणी करतं का? नाव नको! कारण गाणं सगळ्यांचं, आणि गिटार माझ्या एकट्याची! मावशी मात्र तडक बारांगायच्या, म्हणजे आमच्या वस्तीच्या, कप्तानाकडे. म्हणे (हातात पंखा, आवाज नाकातून), "कप्तान, ह्या रूफोची गिटार माझ्या माइकमध्ये शिरते. शंभर मिळायला हवेत, ते सत्त्याण्णववर अडकलेत." तीन गुणांसाठी हो! आता कप्तान मावशींचा धर्मपुत्र, बाप्तिस्म्याला यांनीच कडेवर घेतलेला, तो काय बोलणार? नजर टेबलावर ठेवून म्हणाला, "रूफोदादा, आणखी एक तक्रार आली की ॲम्प गल्लीबाहेर." आमची बायको लिगाया जणू वाटच बघत होती. गावी, बातांगासला, तिच्या भावाकडे जागा आहे म्हणाली. कुठे? डुकरांच्या शेडमध्ये! मामाचा ॲम्प! डुकरांना काय, दोन काय नि दहा काय...

मग लागलो हात धुऊन मागे. आधी गादी उभी केली ॲम्पसमोर. आवाज थोडा बसला, पण गादी लिगायाचीही होती, त्यामुळे झोपायला फरशी मिळाली. मग रेडिओ दुरुस्त करणाऱ्या तेबाननं एक डबा बनवून दिला, ॲम्प आणि स्पीकरच्या मधे लावायचा. ॲम्पनं जीव तोडून ओरडायचं, डब्यानं सगळी ताकद पिऊन टाकायची आणि स्पीकरला घोटभर द्यायची. चांगला होता, नाही म्हणत नाही. पण प्यायलेली ताकद जाते कुठे? उष्णतेत! डबा असा तापायचा की लिगायानं त्यावर सुकी मासळी भाजली. गल्लीतली सगळी मांजरं रियाजाला हजर! आणि घोटभर म्हणता म्हणता आमच्या पातळ भिंतीतून पलीकडे जायचंच... दोनवर कुरकुरतो, दहावर गातो, आणि भिंत आमची प्लायवूडची!

शेवटी स्पीकर घातला कपाटात. कपाटात! लिगायाचे रविवारचे झगे, माझा लग्नातला बारोंग सदरा, गोधड्या, डांबरगोळ्या, सगळ्यांच्या मधे स्पीकर, त्याच्या तोंडाशी माइक, वायर फटीतून बाहेर, दार बंद, हेडफोन कानाला. बटण पिळलं. दहा! बाहेर कपाट नुसतं हुंकार देत होतं, आणि कानात... मामा. तुम्हाला सांगतो, रडलो मी. घळाघळा रडलो. कपड्यांना काय कळतंय कोण वाजवतोय, पण मला कळत होतं.

आणि मग एका संध्याकाळी दारावर थाप. मावशी! मागे कप्तान! डोळ्यांसमोर डुकरं दिसायला लागली. म्हटलं, मावशी, आता तर भिंतीला कान लावलात तरी ऐकू यायचं नाही.

"तेच सांगायला आलेय," मावशी म्हणाल्या. "तू बंद झालास आणि माझे गुण साठाच्या वर जाईनात."

आलं ध्यानात? ते मशीन सुराबिराला गुण देतच नव्हतं, गोंगाटाला देत होतं! माझी गिटार माइकमध्ये शिरायची, घाम माझा, गुण मावशींच्या पदरात! तर कप्तान, तोच तो, तीच खाली नजर, म्हणाला, रूफोदादा, ॲम्प रोज संध्याकाळी मावशींच्या दारात लागला पाहिजे. आणि दहावर!

ऐकलंत? दहावर! हुकमानं! मी उड्या मारत स्पीकर कपाटातून काढला, बारोंगची घडी विस्कटली, विस्कटू दे, भर गल्लीत मांडला, बटण शेवटपर्यंत पिळलं, डोळे मिटले आणि मामाचा तो ठेवणीतला सूर छेडला... आणि शेजारी मावशींनी माइक तोंडाशी धरून प्रेमभंग सुरू केला. तुतारी वाजली. शंभर! गल्ली उठून उभी राहिली. मावशींसाठी!

मी वाजवतोय, बोटं सोललीत, व्हॉल्व्ह लाल झालेत, दहावर आहे हो, पूर्ण दहावर... आणि लिगाया खिडकीतून डोकावून विचारते, "काय रे, आज गिटार नाही का वाजवणार?"