अंगठा म्हणजे वर

नाही नाही, पट्टा डोक्यामागे नका घेऊ — पट्टा नंतर. आधी मास्क नुसता तोंडावर ठेवा, असा, आणि नाकानं श्वास आत ओढा. आता हात सोडा. सोडा हो, पडला तर माझा पडेल. — पडला. आता यात मास्कचा दोष नाही साहेब, दोष तुमच्या मिशीचा. केसांतून हवा जाते, आणि जिथून हवा जाते तिथून पाणी जाणारच. मिशी काढा असं मी म्हणत नाही, त्यासाठी तुम्हाला घरी विचारावं लागेल — पण नाकाखालची एक बारीक रेघ मोकळी केलीत तरी भागेल. हा निळा लावा, याची कड मऊ आहे. ओढा श्वास. चिकटला? झालं तर मग, हाच घ्या. तो काळा कितीही रुबाबदार दिसला तरी तो तुमचा नाही. आणि खाली बघणार कोण तुम्हाला? मासे. त्यांना निळा काय नि काळा काय.

त्याला हात नका लावू. ते श्वास घ्यायचं यंत्र, ते हवेचं जाकीट, टाकी — काही घेऊ नका. हो, दुकानदार असून सांगतोय. तुम्ही बुड्या शिकायला जाताय त्या शाळेत भाड्यानं मिळतं सगळं, पहिल्या चार बुड्या मारा, पाणी मानवतंय का बघा, मग या. एक डॉक्टर आले होते माझ्याकडे, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, एकाच दिवसात सगळं दुकान उचलून घेऊन गेले — आता ते जाकीट त्यांच्या गॅलरीत लटकलेलं असतं, एकदाही न भिजता. सूट मात्र आपल्या मापाचा हवा. हा घ्या, पडद्यामागे जाऊन घालून बघा. चढवताना घाम फुटला, मनात दोन शिव्या आल्या, म्हणजे माप बरोबर. सैल सुटात पाणी खेळतं आणि अर्ध्या तासात दात वाजायला लागतात.

झालं का? कसा बसतोय? — अंगठा नका दाखवू. पडद्यातून नुसता अंगठा बाहेर, काय समजायचं मी? ठीक असेल तर असं करायचं, अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल. हाच गोल समोरच्याकडे बघून केला की तो प्रश्न होतो — ठीक का? अंगठा म्हणजे पाण्यात 'वर चला'. बुडी संपली. आणि त्याला 'का' म्हणून विचारायचं नसतं, तोंडात नळी असते, विचारणार कसं — एकानं अंगठा केला की दोघांनी वर. जमिनीवर म्हणाल तर अंगठा म्हणजे छान, आणि आपल्या भाषेत अंगठा दाखवला म्हणजे हातावर तुरी दिल्या. एका बोटाचे तीन अर्थ, माणसानं करायचं काय.

द्या ती यादी इकडे, पुढे काय आहे बघू. बूट, पायातले पंख, शिट्टी — बरोबर आहे सगळं, नीट लिहिलंय. हे खाली काय? थांबा, चष्मा. 'मास्क मात्र बंदरावरच्या दुकानातूनच घ्यावा. दुकानदार बोलतील फार. बोलू द्यावं.'

कोणी लिहिलं हे? नाही, राहू दे, कळलं मला. अशी लांब शेपटी काढलेला 'द' एकच माणूस लिहितो. तुमच्या शिक्षिका — माझी मुलगी ती.

बसा ना. सुटातसुद्धा बसता येतं, थोडं कुरकुरतं इतकंच. याच काउंटरवर वाढली ती. दहाव्या वर्षी पाण्याखाली मीच नेली. मला वाटलं होतं दुकान पुढे तीच बघेल — बोललो नाही कधी, वाटलं होतं. मग त्या शाळेत नोकरी लागली, बसनं चार तास. निघाली त्या दिवशी बस सुटता सुटता काचेतून गोल केला तिनं. ठीक का, बाबा? आणि मी अंगठा केला. तिनं बघितलं, मान फिरवली, बस गेली. दोन वर्षं झाली. फोन आईला येतो. बाबा बरे आहेत का, असं आईला विचारते, मी शेजारी बसून ऐकतो. आईकडून सांगून दमलो — अगं, तो साधा अंगठा होता, छान, जा, लोक करतात तसा. तर म्हणते, बाबा लोकांसारखा अंगठा करत नाहीत.

आता तुम्हीच सांगा, चूक होत नाही का माणसाची? गडबड, बसचा धूर, हातात तिच्या आईनं दिलेली पिशवी — असे नका बघू साहेब. तीस वर्षं पाण्यात काढली मी. चुकून झाला असता तर गोलच झाला असता. बरोबर आहे तुमचं. चूक नव्हती ती. वर ये म्हणालो मी. उतर, घरी चल. आणि ती आली नाही याचाच राग धरून बसलो दोन वर्षं — का, तर नियम आहे, अंगठा केला की वर यायचं. पण बुडी तिची होती हो. मी काठावर उभा होतो. काठावरच्यानं अंगठा करायचा नसतो.

तुम्ही सांगाल तिला? इतकंच — चूक नव्हती म्हणाले. नाही, नको. तुम्ही काही सांगू नका, तुम्ही आपली मिशी सांभाळा. हे माझं मलाच बोलायला हवं. आत्ता पोरं जेवायला सोडली असतील तिनं. बाकी यादीसाठी उद्या या. हो, उद्याच. सूट? घालूनच जा, लोक बघतील तर बघू देत. निघा आता, तिचा फोन वाजतोय तिकडे, दार ओढून घ्या —

हॅलो. नाही गं, आईला काही झालेलं नाही. मी बोलतोय. मीच.